वाळवीची ओळख, अवरक्त प्रकाशात

झूटर्मॉप्सिस ही उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या जंगलांतली वाळवी. कुजत चाललेल्या ओल्या ओंडक्यात राहायचं आणि तोच ओंडका खायचा. वारूळ बांधायची भानगड नाही. अंगानं मात्र दांडगी, सैनिक दीड-दोन सेंटिमीटरचा. प्रजाती तीन : अँगुस्टिकोलिस, नेवाडेन्सिस, लॅटिसेप्स. नेवाडेन्सिसच्या पुन्हा दोन उपप्रजाती, आणि खरी पंचाईत त्या दोघींची.

॰

प्रजाती भिंगाखाली ओळखता येतात. जबड्याच्या दातांची ठेवण बघायची, सवय असली की जमतं. उपप्रजातींच्या बाबतीत भिंग हात टेकतं. त्यांच्यातला फरक असतो कातडीवरच्या मेणात. या मेणातल्या हायड्रोकार्बनांचं मिश्रण प्रत्येकीचं वेगळं. वाळवीला स्वतःला तो फरक कळतो. मिशा टेकवून ती आपलं-परकं ठरवते. आपल्याला मात्र मेण द्रावकात उतरवून ते वायु-वर्णलेखन यंत्रातून काढावं लागतं. त्यासाठी ताजा नमुना हवा आणि वेळही. संग्रहालयातल्या जुन्या बाटल्या इथे फारशा उपयोगाच्या नाहीत.

॰

2007 साली कॅन्ससमधल्या मॅनहॅटन गावच्या संशोधकांनी याच वाळवीवर निकट-अवरक्त प्रकाश टाकून पाहिला. तिथल्या सरकारी धान्य संशोधन केंद्रात गव्हाचे दाणे याच प्रकाशात तपासले जात. दाणा फोडायचा नाही, रसायन लावायचं नाही. प्रकाश टाकायचा आणि परत काय येतं ते मोजायचं. दाण्याच्या जागी कीटक ठेवावा हे सुचलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

॰

तांबड्याच्या पलीकडे, साधारण 700 ते 2500 नॅनोमीटरपर्यंतचा हा प्रकाश. कार्बन-हायड्रोजन, नायट्रोजन-हायड्रोजन, ऑक्सिजन-हायड्रोजन हे बंध आपापल्या ठिकाणी तो शोषून घेतात. कीटकाच्या अंगात पाणीच जास्त, त्यामुळे 1450 आणि 1940 च्या आसपास पाण्याचे ठळक खड्डे पडतात. मेणाची खूण 1700 च्या जवळ, अगदी क्षीण. दोन उपप्रजातींचे आलेख शेजारी ठेवले तर नुसत्या डोळ्यांना फरक दिसायचा नाही. तो गणितानंच शोधावा लागतो.

॰

निकाल : साध्या सांख्यिकी पद्धतीनं प्रजाती 95 टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर, उपप्रजाती 80 टक्क्यांहून अधिक. तेच आलेख न्यूरल नेटवर्कला दिले तेव्हा दोन्हीकडे 99 च्या वर. सगळ्यांचं लक्ष 99 कडे जाईल. मला 80 जास्त बोलका वाटतो. फरक आलेखात आहे, पण सरळ रेषेत मांडण्यासारखा नाही, एवढं त्यातून कळतं. नेटवर्क उत्तर देतं, कारण मात्र सांगत नाही.

॰

यंत्राला आधी शिकवावं लागतं, आणि शिकवायला लागतात अचूक नाव लावलेले नमुने. ती नावं कोण लावणार? जबड्यांचे दात बघणारा आणि मेण तपासणाराच. तीन प्रजाती शिकलेल्या यंत्रापुढे चौथी ठेवली, तर ते तिला त्या तिघींपैकीच एकीचं नाव देऊन मोकळं होईल. म्हणून वर्गीकरणाच्या जाणकारांची गरज आता संपली, असं म्हणणं मला धोक्याचं वाटतं.

॰

आपल्याकडची वाळवी वेगळी : उसात, बांधावर, आंब्याच्या सालीखाली दिसते ती ओडोन्टोटर्मिस. हिची ओळख मुख्यतः सैनिकाच्या डोक्यावरून आणि जबड्यावरून पटवतात. एम. एल. रूणवाल आणि ओ. बी. छोटानी यांनी भारतातल्या वाळव्यांच्या वर्गीकरणावर मोठं काम करून ठेवलं आहे. पण शेतातून येणाऱ्या नमुन्यात बहुतेक वेळा कामकरीच असतात, आणि कामकऱ्यावरून प्रजाती सांगणं महाकठीण. अवरक्त पद्धत आपल्याकडे उपयोगी पडली तर ती इथेच पडेल.

॰

कृषी महाविद्यालयांतल्या मुलामुलींना एक विनंती. वाळवी गोळा करताना थोडं थांबा, सैनिक मिळेपर्यंत उकरा. एका वारुळातले सैनिक आणि कामकरी एकाच बाटलीत ठेवा आणि गाव, तारीख, पीक पेन्सिलीनं लिहून चिठ्ठी आत टाका.