कोरड्या दिवशी जत्रेला

जत्रा म्हटली की आधी देव आला. मग पाळणे, मग रेवड्या-बत्तासे, मग हरवलेली पोरे आणि त्यांच्या नावाने ओरडणारा कर्णा. पण देव तेवढा नाही आणि बाकी सगळे आहे, अशीही एक जत्रा जगात भरते. ती भरते जर्मनीतल्या म्युनिक शहरात, आणि देवाच्या जागी तिथे बिअर असते. भक्तांची वाण मात्र नाही. २०२३ साली अठरा दिवसांत ७२ लाख माणसे या जत्रेला येऊन गेली. त्यांतला एक मी होतो.

मला तिथे नेले ते आमच्या म्युनिककराने. हे त्याचे खरे आडनाव नव्हे. गिरगावातल्या एकाच चाळीत आम्ही वाढलो. १९७८ साली तो नोकरीसाठी म्युनिकला गेला, तिथल्याच एका मुलीशी लग्न करून तिथलाच झाला, आणि चाळीने आपल्या पद्धतीने त्याला 'कर' लावून टाकला. या म्युनिककराची गंमत अशी की, त्याने जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही. बिअरच्या राजधानीत पंचेचाळीस वर्षे काढून हा गृहस्थ कोरडा तो कोरडाच राहिला. आणि तरीही ही जत्रा त्याने एका वर्षी चुकवलेली नाही! २०२० आणि २०२१ साली करोनामुळे ती भरलीच नाही, तेव्हा हा रिकाम्या माळावर एक फेरी मारून आला.

मी गेलो तो दिवसही मोठा नामी निघाला. घरचे गणपती पोचवून मी निघालो होतो, आणि जत्रेला जायचे ठरले ते २ ऑक्टोबरला. म्हणजे इकडे गांधीजयंती. सगळ्या महाराष्ट्रात दारूची दुकाने बंद, ज्याला आपण ड्राय डे म्हणतो तो दिवस. म्युनिककराला मी हे सांगितले तेव्हा तो थालिपिठे थापत होता. "मग माझ्यासारखा सोबती तुला शोधून सापडला नसता," तो म्हणाला. भाजणी मीच नेली होती. वहिनी नातीला सांभाळायला लेकीकडे गेल्या होत्या, तेव्हा स्वयंपाकघर त्याच्या ताब्यात होते. चार थालिपिठे आणि लोणच्याच्या दोन फोडी त्याने एका लहानशा डब्यात भरल्या. मोठी पिशवी जत्रेत नेऊ देत नाहीत.

"अरे, पण तिथे आपला डबा चालतो का?" मी विचारले.

"मंडपात नाही, बाहेरच्या बागेत चालतो. दोनशे वर्षांची वहिवाट आहे."

ही वहिवाट मोठी मजेची आहे. म्युनिकचे बिअरवाले उन्हाळ्यात बिअर गार राहावी म्हणून तळघरे खणीत आणि वर सावलीला चेस्टनटची झाडे लावीत. लोक त्या झाडांखालीच येऊन बसू लागले. तेव्हा शहरातले खानावळवाले रडू लागले, की आमच्याकडे कोण येणार! राजाने १८१२ साली तोड काढली: बिअरवाल्यांनी बिअर विकावी, पण पावाखेरीज खायला काही देऊ नये. लोक मग घरून डबे आणू लागले. तो नियम केव्हाच गेला, डबा राहिला. प्यायचे त्यांचे, खायचे आपले. आपल्या सहलीच्या बायकांना हा राजा फार आवडला असता.

फाटकापाशी म्युनिककर जरा थांबला. तिथे एक स्मारक आहे. २६ सप्टेंबर १९८० च्या रात्री याच दारात बॉम्ब फुटला. तो ठेवणारा धरून तेरा माणसे गेली, दोनशेंवर जखमी झाली. म्युनिककराने टोपी काढली, क्षणभर उभा राहिला आणि मग आम्ही आत शिरलो.

आत शिरल्यावर वास आला तो बिअरचा नव्हे, साखरेत घोळून भाजलेल्या बदामांचा. पुढे काड्यांना टोचून निखाऱ्यावर भाजलेले मासे, पलीकडे आकाशपाळणा, फिरते घोडे, मुलींच्या गळ्यात साखरेची अक्षरे काढलेली, हृदयाच्या आकाराची मसाल्याची मोठाली बिस्किटे. पुरुष चामड्याच्या आखूड विजारीत, बायका घोळदार झग्यावर एप्रन बांधलेल्या. आपल्याकडे पाडव्याच्या शोभायात्रेला मुली नऊवारी नेसून निघतात ना, तसाच थाट. मंडप केवढे, तर एकेका मंडपात हजारो माणसे बाकांवर बसलेली! बिअर मात्र म्युनिक शहराच्या हद्दीत गाळलेली आणि तीही ठरलेल्या सहाच कारखान्यांची.

या सगळ्याचे मूळ एका लग्नात आहे. १२ ऑक्टोबर १८१० रोजी बव्हेरियाचा युवराज लुडविग याचे राजकन्या टेरेझाशी लग्न झाले. त्या आनंदात पाच दिवसांनी गावाबाहेरच्या माळावर घोड्यांची शर्यत झाली. ती लोकांना इतकी आवडली की पुढच्या वर्षी पुन्हा झाली, आणि होतच राहिली. माळाला नाव मिळाले टेरेझाचे. आपल्याकडे लग्नात नवरीचे नाव बदलतात. तिथे माळाचे बदलले! शर्यती कधीच्या बंद पडल्या. लग्नाचे जेवण तेवढे दोनशे वर्षे चालू आहे.

बागेत एका लांब बाकावर आम्हांला जागा मिळाली. तिथे टेबल आपले एकट्याचे नसते. समोर एक आजीबाई, त्यांचा तिशी-पस्तिशीचा मुलगा आणि सात-आठ वर्षांचा नातू असे बसले होते. वाढणारी बाई दोन्ही हातांत मिळून दहा भरलेले मग घेऊन आली आणि त्यांतला एक तिने माझ्यापुढे ठेवला. म्युनिककरासाठी सफरचंदाचा रस आणि सोडा. बिअर मिळते ती लिटरभराच्या मापाने. त्या मापाला 'मास' म्हणतात. तो काचेचा मग एका हाताने उचलणे ही माझ्या वयाला तालीमच होती. त्या वर्षी एका मासला बारा ते पंधरा युरो पडत, तेव्हा मी घोट मोजूनच घेत होतो. मंडपातला बँड अधूनमधून एकच चाल वाजवी. ती वाजली की सगळ्या बागेने मग उचलायचे आणि शेजाऱ्याच्या मगावर आपटायचे. म्युनिककर आपला सोडा आपटी. कोणाला त्याचे काही वाटत नव्हते.

डबा उघडताच आजीबाईंचे लक्ष गेले. त्यांच्यापुढे होता मुळा: लांबलचक पांढरा मुळा, जिन्यासारखा गोल गोल कापून मीठ लावलेला. अर्धे थालीपीठ तिकडे गेले, अर्धा मुळा इकडे आला. आजीबाईंनी एक घास खाल्ला आणि कृती विचारली. मग म्युनिककर त्यांना भाजणी समजावू लागला. ज्वारी, बाजरी, हरभरा, उडीद, धने... प्रत्येक दाण्यासरशी त्याचे जर्मन अडखळे आणि आजीबाई हसत.

थोड्या वेळाने पोरगा बापाची बाही ओढू लागला. त्याला पाळण्यात बसायचे होते. बापाने मगाकडे पाहिले. त्यात अजून निम्मी बिअर होती. त्याने मग बाजूला सारला, पोराला खांद्यावर घेतले आणि निघाला. आजीबाईही उठल्या.

"पाहिलेस?" म्युनिककर म्हणाला.

"काय?"

"अर्धा टाकून उठला. मी दरवर्षी एवढेच बघायला येतो."

मी गप्प बसलो. त्याच्या वडिलांना मी ओळखत होतो. छापखान्यात खिळे जुळवीत. उलटी अक्षरे आपण सुलटी वाचावीत तशी झरझर वाचीत. म्युनिककराच्या नावाच्या पहिल्या अक्षराचा शिशाचा एक खिळा त्यांनी त्याला आणून दिला होता आणि तो आम्ही पोरे पाटीवर उमटवून बघत असू. पण पगाराच्या दिवशी संध्याकाळी म्युनिककर खेळायला नसे. चाळीच्या दाराशी दिव्याच्या खांबाखाली तो उभा असे. कधी नऊ वाजत, कधी अकरा. १९६४ साली वडील गेले, तेव्हा तो बारा वर्षांचा होता.

"बाबा वाईट नव्हते रे," तो म्हणाला. "पण ते कुठे पितात, कोणाबरोबर पितात, काय पितात, हे आम्हांला कधी दिसलेच नाही. दारूबंदीचे दिवस ते. हातभट्टीची. कुजका गूळ काय, नवसागर काय, आणखी काय त्यात घालीत ते घालणाऱ्यालाच ठाऊक. इथे बव्हेरियात १५१६ साली कायदा झाला, की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांशिवाय काही घालायचे नाही. आपल्याकडे १९४९ साली कायदा झाला, की दारू नाहीच. मग जी नाहीच, तिच्यात काय आहे हे विचारणार कोण?"

"म्हणजे तो कायदा चुकला म्हणतोस?"

"आईला विचारले असतेस तर ती तुझ्या अंगावर आली असती. तिने त्या कायद्याला नवस बोलायचा बाकी ठेवला होता. शेजारच्या दोन घरांत त्याच्यामुळे पगार घरी येऊ लागला, हेही खरेच. कायद्याचे मी काय सांगू? माझे एवढेच, की बाबांच्या शेजारी बाकावर मी असा कधी बसलो नाही. त्यांना लाज वाटायची, म्हणून ते लांब जायचे. लांब गेले की परत येणे लांबायचे."

तो कायदा आजही नाव बदलून पुस्तकात आहे, आणि प्यायला आजही कागदोपत्री परवाना लागतो. पण त्या क्षणी मला दिसत होता तो खांबाखालचा दिवा.

तरी मी म्हटलेच, "अरे, पण चारचौघांत बसून प्यायल्याने माणूस वाचतो, असे थोडेच आहे?"

तो उठला. "चल."

माळाच्या कडेला चढावर बव्हेरियाचा पुतळा आहे: १८५० साली उभारलेली, अठरा मीटरांवर उंच, ब्राँझची बाई, शेजारी सिंह. तिच्या पायथ्याच्या उतारावर गवतात दहा-बारा तरुण आडवे पडले होते. एकाला उलट्या होत होत्या आणि त्याची मैत्रीण त्याचे डोके धरून रडत होती. पिवळ्या आच्छादनाची एक ढकलगाडी आली, दोघांनी आणखी एकाला उचलून तिच्यात घातले आणि ते निघून गेले.

"इथेही बुडतात," म्युनिककर म्हणाला. "आमच्या कारखान्यातले दोघे माझ्या डोळ्यांदेखत बुडाले. फरक असला तर एवढाच, की बुडणारा दिसतो. दिसला की कोणीतरी हात घालते. सगळ्यांना घालते असे नाही."

माझ्या मगात अर्ध्याहून अधिक बिअर मागे टेबलावर राहिली होती. ती तशीच राहू दिली.

नातवासाठी बदामांचा एक पुडा घेऊन आम्ही भुयारी गाडीच्या स्टेशनाकडे निघालो. गर्दी आपल्या दादरसारखीच होती. जिन्यावर पुढे तोच बाप दिसला. पोरगा त्याच्या खांद्यावर झोपला होता, एक बूट निसटायला आलेला. मागून आजीबाई सांभाळून उतरत होत्या. म्युनिककराने पुढे होऊन बूट नीट बसवला आणि मग त्यांच्याच चालीने चालत राहिला. आमची गाडी पलीकडच्या फलाटावर लागणार होती, तरी त्यांच्या गाडीची दारे मिटेपर्यंत तो हलला नाही.

"पुढच्या वर्षी भाजणी दोन किलो आण," गाडीत बसल्यावर तो म्हणाला. "आजीबाईंना कबूल केली आहे. दरवर्षी त्याच बागेत बसतात म्हणे."