दोरी सोडायची वेळ

आमचा भाचा डिसेंबरच्या शेवटी अबूधाबीहून पवनारला आला तो दोन कुबड्या घेऊन. अम्मी दारातच उभ्या होत्या. त्यांनी त्याच्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पाण्यात पडून कुणाचा पाय असा होतो का रे? पाणी तर मऊ असतं."

"पोहताना मऊ असतं, नानी," तो म्हणाला. "बोटीमागे वेगात जाताना पडलं की फरशीसारखं लागतं."

वय एकोणीस. डाव्या मांडीच्या मागचा स्नायू अर्धवट फाटला होता. ऑपरेशनची गरज नाही, पण विश्रांती आणि व्यायाम हवा, असं तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. कॉलेज काही महिने ऑनलाइन करायची परवानगी मिळाली म्हणून आपांनी त्याला आमच्याकडे पाठवलं. पाठवताना फोनवर एवढंच म्हणाल्या, "तुझं ऐकतो तो. हा खेळ त्याच्या डोक्यातून काढून टाक."

आमच्यावर हे काम सोपवण्याला कारण होतं. आपा परदेशी गेल्या त्याआधी हे सगळे वर्ध्यातच राहत होते. सुटीच्या दिवशी आम्ही या पोराला धाम नदीवर न्यायचो. आश्रमाच्या खालच्या बाजूला नदीचं पात्र काळ्या खडकांचं आहे. खडकांमध्ये डोह आहेत आणि पाय कुठे घसरेल ते सांगता येत नाही. म्हणून त्याच्या पाठीला रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर बांधायचा, दोराचा थोडा भाग त्याच्या मुठीत द्यायचा आणि दुसरं टोक आमच्या हातात. धडा एकच होता: काही झालं तरी दोर सोडायचा नाही.

तो अपघात कसा झाला ते त्याने आम्हाला दुसऱ्या दिवशी सांगितलं. दोरी अचानक ताणली गेली, शरीर पुढे खेचलं गेलं आणि त्याने मूठ सोडलीच नाही. "सोडायचं सुचलंच नाही, मामू." हे ऐकल्यावर आम्हाला त्या रात्री झोप लागली नाही.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. जो विषय आपल्याला कळत नाही त्याबद्दल मुलांना उपदेश करायचा नाही, एवढं तरी इतक्या वर्षांत शिकलो आहोत. म्हणून त्याला म्हटलं, "आधी हा खेळ काय आहे ते आम्हाला समजावून सांग. मग बोलू." मग रोज असरनंतर अंगणात आमची शिकवणी सुरू झाली. मास्तर तो, विद्यार्थी आम्ही आणि अम्मी.

वॉटर स्कीइंग म्हणजे पायाला लांब फळी बांधून, मोटरबोटीला बांधलेल्या दोरीचा दांडा धरून पाण्यावरून जाणं. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात लेक पेपिन नावाचं सरोवर आहे. तिथे 1922 साली राल्फ सॅम्युएलसन या तरुणाने प्रथम हे करून दाखवलं. आधी पिंपाच्या फळ्या बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की, शेवटी लाकडाच्या लांब फळ्या घेऊन त्यांची टोकं वाकवली आणि चामड्याचे पट्टे लावले. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रात्यक्षिक म्हणून होता.

त्यातला स्लॅलम हा प्रकार एकाच फळीवर खेळतात. पाण्यात 259 मीटर लांबीचा मार्ग आखलेला असतो. बोट मधोमध सरळ जाते. मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटरवर डावी-उजवीकडे मिळून सहा बोया तरंगत असतात. खेळाडूने या सहाही बोयांना बाहेरून वळसा घालायचा, एक चुकला की ती फेरी संपली. पुरुषांसाठी बोटीचा वेग जास्तीत जास्त ताशी 58 किलोमीटर, महिलांसाठी 55. म्हणजे 58 च्या वेगाने सगळा मार्ग सोळा सेकंदांत संपतो. अम्मी म्हणाल्या, "सोळा सेकंदांसाठी एवढा पसारा!"

खरी परीक्षा दोरीची असते. सुरुवातीला दोरी 18.25 मीटर. नवशिक्याची बोट हळू चालते, सहा बोया जमले की वेग तीन-तीन किलोमीटरने वाढवतात. वेग शेवटच्या मर्यादेला पोहोचला की दोरी कमी करतात: 16 मीटर, मग 14.25, 13, 12, 11.25. दोरीवर वेगवेगळ्या रंगांचे फास असतात, त्यावरून लांबी ओळखतात. आम्ही विचारलं, "बोया साडेअकरा मीटरवर आणि दोरी सव्वाअकरा मीटर, मग पोहोचता कसं?" तो म्हणाला, "हेच तर! उरलेलं अंतर आपलं शरीर आणि लांब केलेला हात भरून काढतो."

सामानाचंही त्याने सांगितलं. फळी वजनाप्रमाणे आणि बोटीच्या वेगाप्रमाणे निवडायची, मोठ्या भावाची जुनी आहे म्हणून वापरायची नाही. फळीखाली मागच्या बाजूला माशाच्या परासारखं पातं असतं, त्याने वळण सांभाळलं जातं. पुढच्या पायाला बूट, मागच्या पायाला बूट किंवा नुसता पट्टा. बूट फार घट्ट असेल तर पडताना पाय सुटत नाही, सैल असेल तर एकच पाय सुटतो आणि दुसरा मुरगळतो. अंगात लाइफ जॅकेट, हातात मोजे. बोटीत चालवणाऱ्याशिवाय दुसरा माणूस हवाच. त्याचं तोंड मागे, नजर खेळाडूवर. पडलेल्या खेळाडूने दोन्ही हात डोक्यावर जोडून वर धरले की समजायचं, ठीक आहे. हात दिसले नाहीत तर बोट ताबडतोब मागे.

पाण्यातून उठताना गुडघे छातीशी, हात सरळ, आणि घाई करायची नाही. बोटच आपल्याला वर काढते. नवशिके गुडघे ताठ करून लवकर उभे राहायला जातात आणि बोट त्यांना कमरेतून पुढे ओढते. मांडीच्या मागचा स्नायू तिथेच तुटतो. पुढे फेरीत गुडघे किंचित वाकलेले, दांडा कमरेजवळ, नजर समोर, आणि अंगाचा झोक बोटीपासून दूर. वळणावर दोरी सैल पडली तर ती पुन्हा ताणली जाताना मोठा हिसका बसतो. तो पेलण्यासारखा नसेल तर दांडा सोडून द्यायचा. फेरी जाते, पाय राहतो.

आमच्या भाच्याचं नेमकं हेच चुकलं. शिक्षकांनी त्याला पहिल्या महिन्यापासून हे सांगितलं होतं. पण त्या दिवशी तेरा मीटरच्या दोरीवर तो प्रथमच तिसऱ्या बोयापर्यंत पोहोचला होता. दोरी सैल झाली, मग ताणली, पुढचा पाय ताठ झाला आणि मांडीत कट् असा आवाज आल्यासारखं वाटलं.

घरी खरी अडचण अम्मींच्या तेलाची होती. लसूण घालून तापवलेलं तेल आमच्या घरी सगळ्या दुखण्यांवर चालतं. वर्ध्याच्या फिजिओथेरपिस्टबाईंनी त्यांना जवळ बसवून समजावलं. मार लागल्यावर पहिले दोन-तीन दिवस शेक नाही, मालीश नाही, त्याने आतला रक्तस्राव वाढतो. कपड्यात गुंडाळलेला बर्फ एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, हलका पट्टा, आणि पाय उंच. फाटलेली जागा नंतरही जोर लावून चोळायची नाही. अम्मी परतताना म्हणाल्या, "मग आम्ही काय करायचं?" बाई म्हणाल्या, "त्याला रोज व्यायामाची आठवण करायची." हे काम अम्मींनी असं केलं की पोरगा लपून बसू लागला.

मांडीमागचा स्नायू पुढे वाकताना ताणला जातो, म्हणून रुकू त्याला जमत नव्हता. तो खुर्चीवर बसून नमाज पढायचा. मशिदीत वयस्कर मंडळींच्या रांगेत बसायची त्याला लाज वाटायची. जानेवारीच्या मध्यावर त्याने आम्हाला न सांगता घरात रुकू करून पाहिला आणि दोन दिवस पुन्हा लंगडला. त्या दिवशी आम्ही रागावलो. शिकवणीत त्यानेच सांगितलेला नियम त्याला ऐकवला: ज्या लांबीवर सहा बोया जमले नाहीत, तिथून दोरी कमी करायची नाही. चालणं नीट झाल्याशिवाय वाकणं नाही, वाकणं झाल्याशिवाय धावणं नाही, आणि दोन्ही पायांत सारखी ताकद आल्याशिवाय फळीचं नाव नाही. तो गप्प बसला. मग म्हणाला, "मामू, तुम्ही तर पक्के कोच झालात."

12 फेब्रुवारीला इथे धामच्या काठी सर्वोदय मेळा भरतो. 1948 साली याच दिवशी गांधीजींच्या अस्थी या पात्रात विसर्जित झाल्या होत्या. त्या दिवशी तो कुबड्यांशिवाय आमच्याबरोबर नदीपर्यंत चालत आला. गर्दीपासून दूर खडकावर बसलो तेव्हा आम्ही मनातलं बोललो. दोर सोडू नको, हे आम्हीच तुला शिकवलं, म्हणून तुझा पाय गेला का?

तो थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिला. "तुमचा दोर मला बुडू देत नव्हता, मामू. तो दोर मला ओढत होता. दोन्ही वेगळे आहेत, हे मला त्या वेळी कळायला हवं होतं."

रात्री आपांना फोन केला. म्हटलं, खेळ त्याच्या डोक्यातून काढणं आम्हाला जमलं नाही आणि आता तशी इच्छाही नाही. पण त्याने कबूल केलं आहे: डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच, सगळ्यात लांब दोरी, सगळ्यात हळू बोट. आपा बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बोटीत त्याचे अब्बा बसतील."

सुटीत मालवण-तारकर्लीला किंवा गोव्याला जाणाऱ्या वाचकांनाही हेच सांगावंसं वाटतं. मुलांना पाण्यावरचे खेळ खेळू द्या, पण लाइफ जॅकेटची बकलं स्वतः तपासा. बोटीत मागे पाहणारा माणूस आहे का ते विचारा. दोरी हाताला किंवा बोटांना कधी गुंडाळू देऊ नका. पडल्यावर कान दुखला किंवा ऐकू कमी आलं तर तेल न घालता डॉक्टरांना दाखवा, पडदा फाटलेला असू शकतो. डोक्याला मार लागला तर त्या दिवशी पुन्हा पाण्यात नाही. आणि दोरी कधी सोडायची, हे धरायला शिकवण्याआधी शिकवा. आमच्याकडून ते राहून गेलं होतं.

नोव्हेंबरमध्ये त्याचा व्हिडिओ आला. दोरी 18.25 मीटरची, बोट संथ. दोन बोया नीट झाले, तिसऱ्यावर तोल गेला. पोराने दांडा सोडला, पाण्यात आडवा झाला, आणि क्षणभरात दोन्ही हात डोक्यावर जोडलेले दिसले.

अम्मींना चष्म्याशिवाय नीट दिसलं नाही. "पडला का?"

"नाही अम्मी, दोरी सोडली त्याने."

"अल्हम्दुलिल्लाह," अम्मी म्हणाल्या, आणि व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला.