दारातून हाक

आमच्या गावाकडे पाहुणा आला, की तो आधी दारातून हाक मारतो. "आहे का कोणी घरात?" असे विचारल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. ही साधी रीत माझ्या संगणकाला मात्र कोणी शिकवलेली नाही!

हा संगणक आमच्या घरातला पहिला. आणि कॉलेजची पायरी चढलेला मीही पहिलाच. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सोयाबीनच्या पैशांतून हा जुना लॅपटॉप आणला. टेबल नसल्यामुळे आईच्या शिवणयंत्रावर त्याची स्थापना झाली. आईने त्याला हळदकुंकूही वाहिले.

शिष्यवृत्तीच्या अर्जाची ती शेवटची रात्र होती. मोबाइलच्या नेटवर अर्ज भरत होतो. दहा वाजता दोन घास खायला उठलो. परत येऊन पाहतो तो पडदा निळा, आणि त्यावर इंग्रजीत फर्मान : अपडेट चालू आहे, ३० टक्के पूर्ण, संगणक बंद करू नका. मी अर्ज भरत होतो तेव्हा हा पठ्ठ्या मागच्या दाराने अपडेट उतरवून घेत होता. दिवसाचे दीड जीबी नेट त्यातच संपले. बारा वाजले, मुदतही संपली.

दादा शेजारी बसून होते. हळूच म्हणाले, "आपलंच काही चुकलं का रे?"

पुढे मुदत वाढली, अर्ज गेला; पण ते वाक्य अजून मनातून जात नाही. न विचारता केले यंत्राने, आणि दोष घेतला दादांनी!

रागाच्या भरात मी अपडेट कायमचे बंद करणार होतो. प्रयोगशाळेतल्या सरांनी थांबवले. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या हल्ल्याने दीडशेहून अधिक देशांतले संगणक कुलूपबंद केले. ब्रिटनमध्ये शस्त्रक्रियाही पुढे ढकलाव्या लागल्या. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. ती ज्यांनी घेतली नव्हती, तेच मुख्यतः सापडले. म्हणजे औषध हवेच. सरांनी दोन उपायही दाखवले. 'ॲक्टिव्ह अवर्स'मध्ये आपल्या कामाची वेळ नोंदवली, की त्या वेळात संगणक आपण होऊन बंद-चालू होत नाही. मोबाइलचे नेट 'मीटर्ड' म्हणून नोंदवले, की बहुतेक अपडेट आपोआप उतरत नाहीत.

या सोयी आधीपासूनच होत्या. आम्हाला कोणी सांगितल्या नव्हत्या, एवढेच. आमचा पाटकरी पाणी सोडण्याआधी पाळी सांगून जातो. पाणी हवेच असते. पण आधी कळले, तर माणूस दारे धरायला बांधावर हजर राहतो.

परवा मी दादांना ते दोन्ही उपाय समजावून सांगितले. सगळे ऐकून ते एवढेच म्हणाले, "म्हणजे त्या रात्री आपलं चुकलं नव्हतं तर!"

— द्वितीय वर्ष, कला