वर्गणी भरून मिळतं काय?

मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते आणि दरवर्षी एका संस्थेची वर्गणी भरते, हे कळल्यापासून नातेवाइकांचा एकच प्रश्न असतो. "तिथून काम मिळतं का?"

नाही मिळत. निदान थेट तरी नाही.

आपल्याकडे अशा दोन संस्था मला माहीत आहेत. दिल्लीची 'असोसिएशन ऑफ रायटर्स अँड इलस्ट्रेटर्स फॉर चिल्ड्रन' १९८१ साली व्यंगचित्रकार शंकर यांनी सुरू केली (होय, 'शंकर्स वीकली'वाले तेच). दुसरी 'सोसायटी ऑफ चिल्ड्रन्स बुक रायटर्स अँड इलस्ट्रेटर्स', १९७१ सालची, अमेरिकेतली. तिची शाखा भारतातही आहे. गंमत म्हणजे हिच्या नावात आधी फक्त लेखकच होते, चित्रकार मागाहून आले. मुखपृष्ठावर आमचं नाव येतं तसंच. आलं तर!

मी दुसरीत गेले. पहिला फायदा असा, की आपली चित्रं 'छान' न म्हणणारी माणसं भेटतात. घरचे सगळे छानच म्हणतात हो, त्याचं काय करायचं? इथे एकमेकांच्या डमी बघताना कुणी तरी सरळ सांगतं, की समोरासमोरच्या दोन पानांवर हत्ती पसरलाय खरा, पण त्याचा डोळा नेमका शिवणीत जातोय. बत्तीस पानांच्या पुस्तकात हे आधी कळलं तर पेन्सिलीचं काम, नंतर कळलं तर रंगाचं.

पण माझ्या मते वर्गणी वसूल होते ती दुसरीकडेच. मानधनाबरोबर येणाऱ्या त्या एका कागदावर. 'सर्व हक्कांसह' असं त्यावर बारीक अक्षरात असतं आणि खाली सहीची रेघ. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ आहे. कलाकृतीचा पहिला मालक ती करणारा, हे त्यात आहेच. पण कुणी पैसे देऊन चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर मालकी काढून घेणाऱ्याकडे जाऊ शकते, हेही आहे. म्हणून लिहून घेणं महत्त्वाचं. कलम १९ त्या मानाने दयाळू. हक्क द्यायचे तर ते लेखी, सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

ही कलमं कुणालाही वाचता येतात, त्यासाठी वर्गणी कशाला? खरं आहे. पण कागद पुढ्यात आहे, उद्या सकाळी पाठवायचाय, पैशांची गरज आहे, अशा वेळी 'हे कसं लिहू?' म्हणून फोन करायला माणूस लागतो. माझ्यासाठी अशी एक ज्येष्ठ सभासद आहे. तिने एक वाक्य सांगितलं: 'ही चित्रं या पुस्तकाच्या मराठी आवृत्तीपुरती, मूळ चित्रं आणि बाकीचे हक्क चित्रकाराकडे.' पहिल्याच प्रकाशकाने ते एका फोनवर मान्य केलं. मला वाटलं होतं, भांडण होईल!

दुसऱ्याने मात्र फोनच बंद केला. काम गेलं. संस्थेला त्यात काही करता येत नाही, ती काही युनियन नव्हे. महिन्याभराने आमच्यातल्याच एकीने विचारलं, "त्या माकडाच्या पुस्तकासाठी मला विचारलंय, तू करत होतीस ना?" मी सगळं सांगितलं. तिनेही तेच वाक्य लिहून पाठवलं, शब्दसुद्धा न बदलता. तिचंही काम गेलं. त्या रात्री आम्ही दोघी फोनवर अर्धा तास हसत होतो. हातात एक पैसा नसताना!

पुस्तक शेवटी तिसऱ्याच कुणी तरी केलं. परवा दुकानात चाळून पाहिलं. माकड मस्त जमलंय. चित्रकाराचं नाव मात्र शोधूनही सापडलं नाही.