गिअरबॉक्सलाही ताप येतो

इंजिन तापतं हे सगळ्यांना माहीत असतं. गिअरबॉक्सही तापतो, पण त्याला बहुतेकदा ना रेडिएटर असतो, ना पंखा. इंदूरच्या माझ्या गॅरेजमध्ये ३० वर्षं ट्रॅक्टर उघडताना हे रोज पाहिलं. आता तोच प्रश्न माझ्या लेकीपुढे आला.

ती अमेरिकेत कृषी अभियांत्रिकी शिकते. तिथे इलिनॉय राज्यातल्या पिओरियाला विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या छोट्या ट्रॅक्टरांची स्पर्धा भरते. तिच्या टीममध्ये गिअरबॉक्सची जबाबदारी तिची. मार्चमध्ये फोन आला, "बाबा, अर्ध्या तासात तेल ११५ अंशांवर जातंय. हे थांबलं नाही तर माझा काढून बाजारातला तयार गिअरबॉक्स बसवणार आहेत."

वर्षभराची मेहनत होती तिची. आवाज रडवेला झाला होता.

हिशेब साधा आहे. इंजिन ३० अश्वशक्तीचं, म्हणजे साधारण २२ किलोवॅट. पूर्ण जोरात चालताना त्यातले ७ टक्के दात्यांच्या घर्षणात, बेअरिंगमध्ये आणि तेल घुसळण्यात गेले, तरी दीड किलोवॅट उष्णता तयार होते. बादलीत पाणी तापवायचा रॉड तेवढाच असतो! ओझं ओढायची फेरी लगेच संपते. तेवढी उष्णता तेल आणि लोखंड पोटात घेतात. खडबडीत वाटेवरच्या लांब फेरीत मात्र ती साठत जाते. तेल पातळ होतं, सील कडक होतात, दाते झिजतात.

टीमचं म्हणणं होतं, तेल वाढवा. मी एवढंच विचारलं, "आत्ता किती आहे, मोजलंस का?"

मोजलं तर मोठा गिअर निम्मा तेलात बुडालेला. जास्त तेल म्हणजे रवीने ताक घुसळल्यासारखं. त्यातूनच उष्णता वाढते, शिवाय फेस येतो. फेसाळलेलं तेल ना दात्यांना नीट वंगण देतं, ना उष्णता वाहून नेतं.

तिने तेल कमी केलं. आता गिअरचे फक्त खालचे दाते बुडतात. केसिंगवरचा चिखलाचा थर खरवडला, कारण तो गोधडीसारखी ऊब धरतो. इंजिनाची गरम हवा गिअरबॉक्सवर येत होती, तिथे पत्र्याचा आडोसा लावला. पंखा नाही, जास्तीचं वजनही नाही.

पुढच्या चाचणीत तेल ८८ अंशांवर स्थिरावलं. तिचाच गिअरबॉक्स राहिला.

ताप उतरवायच्या आधी तो कुठून येतोय ते बघावं, हे गॅरेजमध्ये शिकलो होतो. लेकीने ते थर्मामीटर लावून सिद्ध केलं.