सँपल क्लॉक, तू मागाचं ऐक

प्रिय सँपल क्लॉक,



डेटा ॲक्विझिशन बोर्डावर ॲनालॉग आउटपुट चॅनेल तयार करताना आमचा सगळा जीव व्होल्टेजमध्ये अडकलेला असतो. ±10 व्होल्टची रेंज, 16 बिट, म्हणजे 65,536 पायऱ्या. एकेक पायरी जेमतेम 0.3 मिलिव्होल्टची. तुझी पाळी आली की मात्र सोर्स म्हणून 'ऑनबोर्ड' निवडायचं, सेकंदाला किती सँपल याचा एक आकडा टाकायचा आणि मोकळं व्हायचं. तोही जसाच्या तसा मिळतो असं नाही. 100 मेगाहर्ट्‌झच्या टाइमबेसला पूर्ण संख्येनेच भागता येतं. त्यामुळे सेकंदाला 30,000 सँपल मागितले, तर 3,333 ने भागून तू 30,003 देतोस. प्रयोगशाळेत सायन वेव्ह काढायला हे खपून जातं. कबनूरच्या मागाला खपत नाही.

शेजारच्या इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी 1904 मध्ये यंत्रमाग आणला. तेव्हापासून या पट्ट्यातला जॉबर, म्हणजे मागाचा मिस्त्री, सेकंद मोजत नाही, शाफ्ट कुठे आलाय ते बघतो. साध्या मागात क्रँक शाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे बॉटम शाफ्टची एक फेरी होते आणि धोटा कधी मारायचा ते तिथल्या कॅमवर ठरतं. व्होल्टेज उतरलं, पट्टा घसरला, माग मंदावला, तरी धोटा मारायची जागा हलत नाही.

आता एअरजेट माग घे. मिनिटाला 600 पिक, म्हणजे आडवा धागा 600 वेळा; एका पिकाला, म्हणजेच शाफ्टच्या एका फेरीला, 100 मिलिसेकंद. ताणा सोडणाऱ्या सर्वो मोटरला तुझ्या चॅनेलवरून वेगाचा हुकूम द्यायचा, तर तो शाफ्टच्या अंशाला बांधलेला हवा. म्हणून तुझा सोर्स बोर्डावरचा क्रिस्टल नको, शाफ्टवरचा एन्कोडर हवा. फेरीला 360 पल्स धरल्या तर या वेगाला सेकंदाला 3,600 सँपल होतात; माग मंदावला की तूही आपोआप मंदावतोस. ड्राइव्हच्या गोंगाटातून एखादी खोटी पल्स घुसली, तर पुढचं सगळं एक अंशाने सरकतं आणि तसंच राहतं. त्यासाठी इनपुटला डिजिटल फिल्टर लावायचा आणि फेरीतून एकदाच येणारी इंडेक्स पल्स स्टार्ट ट्रिगरला जोडायची, म्हणजे चूक त्याच फेरीत संपते. बोर्ड घेतानाच मात्र तो बाहेरचा क्लॉक आणि परत परत येणारा ट्रिगर घेतो का, हे बघावं लागतं. काही स्वस्त बोर्डांत ॲनालॉग आउटपुटला हार्डवेअर क्लॉकच नसतो.

एवढं केलं तरी तुझ्याशी एक भांडण उरतंच. धागा तुटून माग थांबला की एन्कोडर थांबतो, तूही थांबतोस. पण चॅनेलवरचा शेवटचा व्होल्ट तसाच राहतो. तो 2 व्होल्ट असला, तर माग उभा आणि मोटर ताणा सोडतेच आहे! प्रोग्रॅममध्ये शेवटी शून्य लिहून भागत नाही, कारण ते शून्य बाहेर काढायलाही तुझी एक पल्स लागते.

तेव्हा आपला करार असा: कधी, हे तू शाफ्टला विचारून ठरव. थांबायचं काम मात्र तुझ्याकडे नको. धागा तुटल्यावर माग थांबवणाऱ्या स्टॉप मोशनची वायर थेट ड्राइव्हच्या एनेबलला जाईल. तिच्या वाटेत ना बोर्ड, ना संगणक. मंजूर असेल तर ताणा चढवतो.

तुझा,
कबनूरचा एक मागवाला