चापडगावच्या मनोऱ्यावरून दिसलेलं नाशिक

रविवारी पहाटे लेकीला घेऊन नांदूरमध्यमेश्वरला गेलो होतो. थंडी मरणाची. चापडगावच्या मनोऱ्यावरून पाणीच पाणी आणि त्यात बदकांचे थवे. लेक म्हणाली, "बाबा, हे तळं कुणी बांधलं?"

म्हटलं, तळं नाही गं, ही आपलीच गोदावरी. गोदावरी-कादवा संगमाजवळ इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कालव्यांसाठी बंधारा घातला. मागे गाळ साठत गेला, पाणथळ झाली, पक्षी आले. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं.

"मग पाण्याला वास का येतो?"

इथे बाबा गप्प.

कारण उत्तर वर आहे, आपल्याकडे. गंगापूर धरणाचं चांगलं पाणी आपण पितो आणि वापरलेलं खाली सोडतो. नाशिक नुसतं तीर्थक्षेत्र नाही. नाशिकरोडला नोटा छापतात, ओझरला विमानं बनतात, सातपूर-अंबडने हजारो घरांच्या चुली पेटवल्या. माझीही त्यातलीच. पण त्याच वसाहतींतून वाहणारी नासर्डी आज नाला म्हणून ओळखली जाते. तिचं खरं नाव नंदिनी. टाकळीला समर्थांनी तप केलं ते हिच्याच काठी.

चीनमध्ये शांघायजवळ वूशी नावाचं शहर आहे. ताइहू या भल्यामोठ्या सरोवराच्या काठी. पूर्वी रेशीम, कापड आणि पिठाच्या गिरण्या; लोक त्याला 'छोटं शांघाय' म्हणायचे. पुढे कारखाने वाढले, सांडपाणी आणि शेतातलं खत सरोवरात गेलं. २००७ च्या मे महिन्यात पाण्यावर हिरवं शेवाळ माजलं, नळाला घाण वास आला आणि काही दिवस सुमारे वीस लाख लोकांचे पिण्याच्या पाण्याचे हाल झाले. दुकानांतल्या बाटल्या संपल्या.

त्यानंतर त्यांनी एक साधी गोष्ट केली. नदीच्या प्रत्येक तुकड्याला एक अधिकारी नेमला. पाणी बिघडलं तर जाब त्यालाच. पुढे ही पद्धत चीनभर लागू झाली. ताइहू अजून पूर्ण बरं झालेलं नाही, शेवाळ आजही येतं. पण जाब कुणाला विचारायचा, हे तरी तिथे ठरलेलं आहे.

आपल्याकडे? महापालिका म्हणते एमआयडीसी, एमआयडीसी म्हणते महापालिका. आणि आपण पुलावरून निर्माल्याची पिशवी भिरकावून हात जोडतो.

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. घाट होतील, रस्ते होतील, व्हायलाच हवेत. माझी मागणी छोटी आहे: सोमेश्वरपासून दसक-पंचकपर्यंत आणि नासर्डीच्या प्रत्येक पुलावर एक पाटी लावा. या टप्प्याला जबाबदार कोण, त्याचं नाव आणि नंबर. शेजारी दर महिन्याच्या पाणीतपासणीचे आकडे.

मंडळी, तुमच्या घराजवळच्या पुलावरून आज पाणी कसं दिसतंय? फोटो कमेंटमध्ये टाका, ठिकाण आणि तारखेसकट. सगळे एकत्र करून आपल्या नगरसेवकांकडे घेऊन जाऊ.

लेकीला उत्तर द्यायचं राहिलंय.